एक फ्रेम मागं

अण्णा,

परवा तुमचा तेरावा झाला. पाटावर तुमचा फोटो होता, त्याला झेंडूचा हार होता, आणि येणारा प्रत्येक जण फोटोकडं बघून एकच विचारत होता, "हा कधी काढला म्हणायचा?" उत्तर फक्त मला आणि काकूंना ठाऊक होतं. दोघींनी कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला मात्र सांगायलाच पाहिजे. तुमचा फोटो काढायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं आणि ते करता करता, सहा वर्षं तुमच्यापासून लपवलेली एक गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडली.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "शैले, आधी मुद्द्याचं बोल." न्हाय बोलणार. बारा वर्षं तुमच्या हाताखाली काम केलं, एकदाही मला माझ्या चालीनं बोलू दिलं नाहीत. आज ऐका.

अणदूरच्या स्टँडसमोरचा आपला स्टुडिओ लग्नाच्या शूटिंगसाठी चालतो असं लोकांना वाटतं. तुम्ही कॅमेरा खांद्यावर घेऊन मांडवात, मी दुकानात कॉम्प्युटरपुढं. पण ज्याच्यामुळं लोक लांबून लांबून आपल्याकडं आले, ते काम वेगळंच होतं. आपल्याकडची कितीतरी म्हातारी माणसं जन्मात एकदाही हौसेनं फोटोला बसली नाहीत. माणूस गेलं की तेराव्याला पाटावर ठेवायला काही नसायचं. आधार कार्डावरचा फोटो बघून घरचीच माणसं तोंड फिरवायची. मग कुणाला तरी आठवायचं, "अरे, बापू त्या पुतण्याच्या लग्नात पंगतीला बसले होते की!" आणि कपाटातली लग्नाची सीडी फडक्यात गुंडाळून आपल्या दुकानात यायची. सगळ्या लग्नात बापू दिसायचे दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत डोळे उघडे आहेत, तोंडात घास नाही, मधे वाढप्याचा हात नाही, अशी एक फ्रेम शोधायची आणि तिचा फोटो करायचा.

ज्यानं केलं नाही त्याला वाटतं, त्यात काय एवढं! एका सेकंदाला पंचवीस चित्रं सरकतात, अण्णा, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी शिकवलंत. एका चित्रात माणूस आपल्याकडं बघत असतं आणि पुढच्याच चित्रात पेंगलेलं दिसतं. ते एक चित्र हाताला लागायला चांगला व्हिडिओ प्लेअर लागतो. तुम्ही तर पाच ठेवले होते. त्यांची कंपनीनं दिलेली नावं तुम्ही कधी घेतली नाहीत. एक होता 'मुका', तो जुन्या सीडीचं चित्र दाखवायचा पण आवाज गिळायचा. एक 'उजेडवाला', त्याच्यात अंधारातली वरात उजळ करून बघता यायची. आणि सगळ्यात तुमचा लाडका 'म्हातारा'. तो म्हणजे एका चांगल्या प्लेअरचं जुनं व्हर्जन. त्याच्यात एक बटण दाबलं की चित्र एक फ्रेम पुढं जायचं आणि शेजारचं दाबलं की एक फ्रेम मागं यायचं. त्याच प्लेअरचं नवं व्हर्जन आलं, दिसायला झकपक, मोबाइलवरचा कुठलाही व्हिडिओ चालवणारं. पण पुढं जायचं बटण ठेवलं आणि मागं यायचं काढून टाकलं. का काढलं, देवाला ठाऊक.

तुमची ती लांब वही त्यासाठीच होती. कुठल्या प्लेअरच्या कुठल्या व्हर्जनमध्ये काय आहे, ते तुम्ही तुमच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहायचा. प्रत्येक सोयीपुढं तीनपैकी एक शब्द. आहे, लपली, गेली. नवं व्हर्जन आलं आणि मला एखादी सोय दिसली नाही की मी लगेच म्हणायची, "अण्णा, गेली, लिहा." तुम्ही पेन खाली ठेवायचा. "सगळे मेनू उघडलेस का? न्हाय? मग गेली कसं म्हणतीस? आधी बघ, मग बोल." सगळे मेनू, सगळ्या सेटिंग, उजव्या बटणाचं क्लिक, सगळं बघून झाल्याशिवाय तुम्ही 'गेली' लिहिलं नाहीत. त्याच्यापुढं कारणही लिहायचं. स्वतः तपासल्याशिवाय वहीत एक अक्षर नाही, असा तुमचा हट्ट. मला तेव्हा त्याचा लई वैताग यायचा.

आपलं भांडण तिथंच होतं आणि ते तसंच अर्धवट राहिलं. मी म्हणायची, एक नवीन प्लेअर ठेवा, बाकीचा पसारा काढा, कॉम्प्युटर धापा टाकतोय. तुम्ही म्हणायचा, "आपल्या गावचा खंडोबा काही दिवस नळदुर्गात राहतो आन् बाकीचं वर्ष हितं. देवाचं एका घरात भागंना, तर तुझं सगळं एका सॉफ्टवेअरात कसं मावंल गं?" देवाला मधे आणलं की माझं तोंड बंद, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. पण आज एक सांगते. 'मुका' खरंच काही कामाचा नव्हता. तो तुम्ही नुसत्या हट्टापायी ठेवला होता. हे मी अजून सोडलेलं नाही.

त्या दोन बहिणींची गोष्ट आठवते का? मी नुकती कामाला लागले होते. एका घरच्यांनी फोनवर सांगितलं, "हिरव्या लुगड्यातली, खांबाजवळ बसलेली, ती आमची आजी." आपण सीडी लावली, खांब सापडला, हिरवं लुगडं सापडलं, झकास फ्रेम मिळाली. फोटो गेला. तेराव्याला आजीची धाकटी बहीण गावाहून आली, पाटासमोर हात जोडायला वाकली आणि तशीच ताठ झाली. "अगं बया! मी कवा मेले गं?" खांबाला दोन बाजू असतात, हे आपल्या ध्यानातच आलं नव्हतं. घरच्यांनाही कळलं नव्हतं, इतक्या त्या बहिणी सारख्या होत्या. म्हातारीनं मोठ्या मनानं स्वतःच्या फोटोचा हार काढून गळ्यात घातला आणि चहा मागितला. गाव पोट धरून हसलं. तुम्ही हसला नाहीत. दोन दिवस अर्ध्या शटरनं बसलात, आणि तिसऱ्या दिवशी नियम काढलात. घरचं माणूस शेजारी बसल्याशिवाय फ्रेम काढायची नाही. आणि बटण आपण दाबायचं नाही. ज्याचं माणूस गेलं त्यानंच दाबायचं.

लोकांना कॉम्प्युटरची सवय नसायची. कापूस वेचून, खुरपून कडक झालेली बोटं ती. एकदा दाबायला सांगितलं की चारदा दाबली जायची. हवी ती फ्रेम झरकन पुढं निघून जायची. "हरकत न्हाय, मागं या," तुम्ही म्हणायचा, आणि त्यांचं बोट उचलून शेजारच्या बटणावर ठेवायचा. मग पुढं, मागं, पुढं, मागं, करत करत ते माणूस त्यांना सापडायचं. सापडलं की तुम्ही उठून उगीच बाहेर जाऊन यायचा. मागं यायचं बटण तुम्हाला का लागत होतं ते ह्याच्यासाठी. मला ते कळायला फार उशीर झाला.

आता मुद्दा. सहा वर्षांपूर्वी तुम्ही एका लग्नाच्या शूटिंगला गेला होता, मंगळवार होता. मी सोलापूरला एडिटिंगचा कोर्स करून आलेली, डोक्यात हवा गेलेली. म्हटलं, अण्णा येईपर्यंत कॉम्प्युटर कसा चकाचक करून ठेवते बघा. सगळं पुसलं. पाचही प्लेअर काढले आणि एक नवाकोरा टाकला. लग्नाच्या सीड्या आणि फायली तेवढ्या नीट बाजूला ठेवल्या होत्या, तेवढी अक्कल होती. तुम्ही आलात, खुर्चीवर बसलात, आणि पहिलाच प्रश्न, "शैले, म्हातारा कुठं गेला?" तुमच्या आवाजानंच माझी हवा गेली. मी म्हटलं, "लाइट गेली, अण्णा. चालू मशीन धाडकन बंद पडलं. परत चालू केलं तर सगळं उडालं होतं. मग मी नवं टाकलं."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग विजेला दोन शिव्या घातल्या आणि चहा सांगितला. मला वाटलं, सुटले!

आणि पुढच्याच आठवड्यात माकणीच्या त्या बाई आल्या. दोन एसट्या बदलून, नवऱ्यासाठी. भाच्याच्या लग्नात ते पंगतीला होते आणि आमटी वाढणाऱ्याला हाक मारायला त्यांनी एकदाच मान वर केली होती. तेवढंच काय ते. बाईंनी बटण दाबलं, चित्र चार फ्रेम पुढं गेलं, मान परत खाली. मागं यायला काही नाही. पहिल्यापासून लावलं. परत तेच. मी म्हटलं, मी दाबते. तुम्ही मला हातानंच थांबवलंत. आठ-नऊ वेळा झालं. प्रत्येक वेळी त्यांनी पहिला घास घेतला, मान वर केली आणि निसटले. शेवटी बाईंनी बोट काढून घेतलं आणि पदरानं पुसलं. "ऱ्हाऊ द्या, दादा," म्हणाल्या. "त्यांचं जेवण तरी किती येळा मोडायचं?" आणि सीडी फडक्यात गुंडाळून निघून गेल्या. मोकळ्या हातानं.

अण्णा, त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले. तुम्हाला वाटलं असेल, बाईंसाठी रडतीय. व्हय, त्यांच्यासाठीही. पण जास्त स्वतःच्या खोटेपणासाठी. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं. पण तुम्ही फोन कानाला लावून कुणाला तरी विचारत होता, "तुमच्याकडं ते जुनं व्हर्जन हाय का हो? मागं येणारं?"

महिनाभर तुम्ही तेच विचारत फिरलात. नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा. जिथं जुना कॉम्प्युटर दिसेल तिथं बसायचा. नेटवर शोधायचं काम माझ्याकडं दिलंत. जे उतरवावं ते नवंच निघायचं, नाहीतर नाव तेच आणि आत भलतंच. मी गुपचूप नव्या प्लेअरचा एकूण एक मेनू चाळला, मागं यायचं बटण कुठं लपलंय का म्हणून. नव्हतंच ते. पण त्या शोधात उजेड वाढवायची सोय सापडली, जी तुम्ही दोन वर्षांपूर्वी 'गेली' म्हणून लिहिली होती. तुम्ही खुर्चीवरून उठलात. "अगं, ही हितं दडून बसली व्हय!" आणि वही काढून 'गेली' खोडलंत, 'लपली' लिहिलंत, आणि पुढं कंसात माझं नाव. आयुष्यात माझं नाव कुणी असं कौतुकानं लिहिलं नव्हतं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारा शेवटी धाराशिवला सापडला, बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या माळ्यावर, धुळीतल्या एका सीडीत. तुम्ही तो आणलात, टाकलात, चालवून बघितलात. मी म्हटलं, आता बाईंना बोलवूया. तुम्ही म्हणालात, "त्या कशाला येत्यात परत?" आणि दुसऱ्या दिवशी सीपीयू पोत्यात बांधला, मॉनिटर चादरीत, आणि एसटीनं माकणीला निघालात. कंडक्टरनं पोत्यात काय म्हणून विचारल्यावर तुम्ही म्हणे सांगितलंत, "म्हातारा हाय." संध्याकाळी आलात, पोतं खाली ठेवलंत आणि एवढंच म्हणालात, "दाबलं त्यांनी." मग दोन ग्लास पाणी प्यायलात.

ही एवढी सगळी यातायात माझ्या एका खोट्यामुळं. आणि पुढची सहा वर्षं मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगू. दिवाळीत सांगू. चंपाषष्ठीला देवापुढं सांगू. तुमचं ब्लडप्रेशर उतरलं की सांगू. आणि तुम्ही असे गेलात की सांगायला एक दुपारसुद्धा ठेवली नाहीत.

नवव्या दिवशी काकूंनी निरोप धाडला. घरात तुमचा एकच फोटो होता, लायसनवरचा. काकूंनी तो बाजूला सारला. "ह्यात सरकारला भ्यायल्यावानी दिसत्यात. हा नगं." सगळ्या तालुक्याची लग्नं तुम्ही काढलीत, पण कॅमेरा कायम तुमच्याच खांद्यावर. मग मला आठवली माझ्याच लग्नाची सीडी. त्या दिवशी तुम्ही दुपारपर्यंत जेवला नव्हता म्हणून काकूंनी तुमच्या हातातून कॅमेरा ओढून घेतला होता. "आधी जेवा. म्या धरते." ती सगळी पंगत हललेली आहे. कुठं मांडवाचं छत, कुठं नुसत्या पत्रावळ्या. पण मधे कुठंतरी तुम्ही आहात.

काकू सुतकात दुकानात कशा येणार? मी सीपीयू पोत्यात घातला, मॉनिटर चादरीत गुंडाळला आणि स्कूटीवर पुढ्यात घेऊन तुमच्या घरी गेले. गल्लीतली माणसं बघत होती. काकूंच्या शेजारी बसले, म्हातारा चालू केला, आणि त्यांचं बोट बटणावर ठेवलं. घरच्या माणसानंच दाबायचं. तुमचाच नियम.

तुम्ही भाताचा घास उचलला होता. काकूंनी दाबलं, तुम्ही मान वर केलीत, आणि ती फ्रेम निसटली. मी त्यांचं बोट उचलून शेजारच्या बटणावर ठेवलं. एक फ्रेम मागं. अजून एक. घास तुमच्या तोंडातून हातात आला आणि हातातून पत्रावळीवर गेला. काकूंना गंमत वाटली. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या. "बघ की गं, उष्टं न करता परत ठिवला." मग हळूहळू पुढं येत त्या एका फ्रेमवर थांबल्या. तुमचे डोळे पूर्ण उघडे. भुवया चढलेल्या, तोंड अर्धवट उघडं, कॅमेरा नीट धर म्हणून बायकोवर खेकसत होता तुम्ही. मी म्हटलं, "काकू, ह्याच्यात रागावलेत. दुसरी बघू?"

"हीच," काकू म्हणाल्या. "ह्यात ते माझ्याकडं बघत्यात."

आणि मग माझा बांध फुटला, अण्णा. काकूंच्या गुडघ्यावर डोकं ठेवून सगळं सांगितलं. मंगळवार, लाइट, म्हातारा, सगळं. मला वाटलं, आता त्या मला उठवतील आणि जा म्हणतील.

"त्यांना ठावं होतं," काकू म्हणाल्या.

"काय?"

"तूच काढलंस म्हणून ठावं होतं. त्या मंगळवारी गावात लाइट गेलीच नव्हती. म्या दिवसभर घरी टीव्ही बघत हुते की! संध्याकाळी येऊन त्यांनी पयलं मलाच विचारलं, लाइट गेली हुती का म्हून."

"मग मला एका शब्दानं बोलले का नाहीत?"

"बोलले की! मला बोलले. महिनाभर रोज जेवताना बोलले, माझं डोकं उठवलं. म्या म्हणलं, त्या पोरीला बोला की. तर म्हणले, तिला सांगायचं आसंल तवा ती सांगंल. म्या इचारलं तर अजून एक खोटं बोलंल. मंग तिलाच जड जाईल."

अण्णा, राग आला तुमचा. खरं सांगते, फार राग आला. सहा वर्षं मी छातीवर धोंडा घेऊन फिरले आणि तुम्ही समोर बसून निवांत चहा पीत होता? एकदा नुसतं 'शैले' म्हणून बघितलं असतंत तरी मी सगळं ओकून टाकलं असतं. वाट बघत होता ना? मग थोडी अजून बघायची होती. आज-उद्या सांगणारच होते मी.

काल दुकान उघडलं. खुर्ची तशीच, चष्म्याचं घर तसंच. वही काढली आणि सहा वर्षांपूर्वीचं ते पान शोधलं. मला खात्री होती की तिथं काहीच नसेल. स्वतः तपासल्याशिवाय तुम्ही अक्षर लिहीत नव्हता, आणि हे तर तुम्ही तपासलंही होतं. खोटं निघालं होतं.

पान सापडलं. तुमच्याच अक्षरात, सावकाश लिहिलेलं: 'म्हातारा. एक फ्रेम मागं. गेली. कारण: लाइट गेल्यामुळं.'

अख्ख्या वहीत तेवढी एकच ओळ खोटी आहे, अण्णा. आणि ती माझी आहे.

मी पेन घेतलं. 'लाइट गेल्यामुळं' वर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, तुम्ही मारायचा तशी. पुढं लिहिलं, 'शैलानं काढली.' अक्षर जरा वाकडं आलंय. तेवढं चालवून घ्या.